हजेरीपटावरची सगळी नावं

नव्वदी गाठलेल्या एखाद्या शिक्षकांचा सत्कार होतो किंवा त्यांच्या निधनाची बातमी येते, आणि माजी विद्यार्थी लिहू लागतात. 'सरांनी घडवलं', 'बाई नसत्या तर मी इथवर पोचलोच नसतो.' दोन दिवस हा ओघ चालतो आणि तिसऱ्या दिवशी त्यावरून वाद पेटतो. एक बाजू म्हणते, असे शिक्षक आता उरले नाहीत, एक माणूस पन्नास वर्षं शिकवतो आणि पिढ्या उभ्या करतो. दुसरी बाजू म्हणते, वयाबरोबर गोड होत गेलेल्या या आठवणी आहेत. माणूस घडतो तो घर, पैसा, सोबती आणि नशीब यांनी. शाळेतल्या एका माणसाला त्याचं श्रेय देणं हा भाबडेपणा आहे. मग पहिली बाजू दुसरीला कृतघ्न ठरवते, दुसरी पहिलीला भाबडी ठरवते, आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच संपतो.

या वादात मला खटकतं ते असं की भांडणाऱ्या दोन्ही बाजू पुरावा एकाच जागी शोधतात: माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीत. एकाला ती आठवण पुरेशी वाटते, दुसऱ्याला संशयास्पद. आठवणीच्या पलीकडे जाऊन बघायला कोणी तयार नाही.

माझं म्हणणं असं. दीर्घायुषी शिक्षकाचा विद्यार्थ्यांवरचा प्रभाव खरा असतो, टिकाऊ असतो आणि तपासता येतो. पण तो कृतज्ञतेच्या भाषणांत सापडत नाही. तो सापडतो विद्यार्थ्याच्या कामाच्या सवयीत, कुठलं काम पुरेसं झालं आणि कुठलं अर्धवट राहिलं हे ठरवण्याच्या त्याच्या कसोटीत, आणि प्रसंगी त्याच शिक्षकाच्या विरोधात उभं राहण्याच्या त्याच्या तयारीत. शिक्षकाला लाभलेलं दीर्घ आयुष्य ही त्या प्रभावाबद्दल उत्तर देण्याची मुदत आहे. आपण मात्र ती सगळी मुदत हारतुऱ्यांत घालवतो.

आधी शंकेखोरांचं जे बरोबर आहे ते मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. 1966 साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड पाहणी झाली. सहा लाखांच्या आसपास मुलं आणि हजारो शाळा तिच्यात होत्या. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी अधिक जोडलेला आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. शिक्षणाबद्दल गोड बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या अहवालाला आजही सामोरं जावं लागतं. दुसरी गोष्ट, नामवंत गुरूंकडे मुळातच हुशार शिष्य येतात, किंवा गुरू तसेच निवडून घेतात. मग शिष्य चमकला यात गुरूचं कर्तृत्व किती आणि निवडीचं किती? तिसरी गोष्ट सर्वांत टोचणारी आहे. सत्काराला येतात ते यशस्वी झालेले. जो मागच्या बाकावर बसून नापास झाला, ज्याला त्याच सरांनी 'तुझ्याच्याने होणार नाही' म्हणून घरी पाठवलं, तो व्यासपीठावर नसतो आणि सभागृहातही नसतो. त्याचं मत कोणी नोंदवत नाही.

हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. प्रश्न असा, की त्यांतून 'शिक्षकाचा प्रभाव हा भ्रम आहे' हा निष्कर्ष निघतो का?

कॅनडातल्या माँट्रियलमधल्या एका शाळेची हकीकत इथे मला फार महत्त्वाची वाटते. ती 1978 साली एका शिक्षणविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शाळा गरीब वस्तीतली. आयगिल पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेची जुनी दप्तरं काढली आणि मोठे झालेले विद्यार्थी शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या. कोण किती शिकलं, कुठल्या कामाला लागलं, कसल्या घरात राहतं, असं सगळं जुळवताना एक विचित्र गोष्ट समोर आली. पहिलीच्या एका विशिष्ट बाईंच्या वर्गात बसलेल्या मुलांचं प्रौढपण इतरांपेक्षा ठळकपणे बरं गेलं होतं. अहवालात त्यांना 'मिस ए' एवढंच नाव आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जण सर्वांत वरच्या गटात होते, आणि सर्वांत खालच्या गटात एकही नव्हता. वस्ती तीच, शाळा तीच, घरची परिस्थितीही तशीच. फरक होता तो पहिलीच्या वर्गाचा.

या बाई करत काय होत्या? चमत्कार काही नाही. पहिली संपेपर्यंत वर्गातल्या प्रत्येक मुलाला वाचता आलंच पाहिजे, मूल कुठल्या घरातून आलंय ते त्यांना ऐकायचंच नव्हतं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्या शाळा सुटल्यावर थांबत. एखाद्याने डबा आणला नाही तर स्वतःच्या डब्यातलं त्याला देत. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हेच केलं, आणि वीस वर्षांनी भेटलेल्या माजी विद्यार्थ्यालाही त्या नावाने ओळखत. डबा विसरलेलं मूल शेजारी बसून बाईंच्या डब्यातलं खातं आहे, या दृश्यात 'अध्यापनपद्धती' म्हणून लिहून काढण्यासारखं काहीच नाही. तरी आपण या वर्गात हवे आहोत, एवढं त्या मुलाला तिथे कळत असणार. ते कळल्यावर दुपारच्या वाचनाच्या तासाला ते मूल कसं बसत असेल?

त्याच मुलाखतींतली एक बारीक नोंद दोन्ही बाजूंनी नीट वाचावी. पहिलीच्या बाई कोण होत्या हे पुष्कळांना आठवत नव्हतं. पण मिस ए यांच्या वर्गात असलेल्या प्रत्येकाला त्या आठवत होत्या. शिवाय चौघे जण असे निघाले, की त्यांनी आपल्या बाई म्हणून मिस ए यांचं नाव सांगितलं, आणि दप्तर बघितलं तर ते त्यांच्या वर्गात नव्हतेच! म्हणजे आठवण फसवते हे शंकेखोरांचं म्हणणं खरं. पण त्याच शाळेत, आठवणीवर अजिबात न विसंबता, नुसत्या नोंदींवरून प्रभाव दिसला हेही खरं. गट लहान होता, साठेक माणसांचा, त्यामुळे एवढ्याच आधारावर मी मोठा सिद्धांत उभारणार नाही. मात्र पुढचं संशोधन याच दिशेने बोट दाखवतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात 11,571 मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या वर्गांत वाटून टाकलं होतं. हुशार मुलं चांगल्या शिक्षकाने निवडली, हा आक्षेप तिथे लागूच होत नाही. बालवर्गातल्या चांगल्या वर्गाचा फायदा परीक्षेच्या गुणांत काही वर्षं दिसला आणि मग विरून गेला. लोक म्हणाले, बघा, पुसला गेला प्रभाव. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच मुलांच्या पंचविशी-सत्ताविशीतल्या कमाईच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि विरलेला फायदा तिथे पुन्हा हजर होता. गुणांत न दिसणारं काहीतरी मधल्या वर्षांत टिकून होतं.

ते काय असावं याचा एक धागा नॉर्थ कॅरोलायनातल्या नववीच्या शिक्षकांवरच्या किराबो जॅक्सन यांच्या 2018 सालच्या अभ्यासात मिळतो. काही शिक्षक मुलांचे गुण वाढवतात. काही शिक्षक मुलांची गैरहजेरी कमी करतात, शिस्तभंगाची प्रकरणं कमी करतात, मुलांना वरच्या वर्गात वेळेवर पोचवतात. हे दोन गट बऱ्याच अंशी वेगळे असतात. मूल शाळा पूर्ण करेल की नाही, हे दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकावरून अधिक चांगलं सांगता येतं. आपण मात्र शिक्षकाची किंमत निकालाच्या टक्क्यांत करतो आणि वर तक्रार करतो की प्रभाव मोजता येत नाही.

तेव्हा घर मोठं की शिक्षक मोठा, ही तुलनाच मला चुकीची वाटते. घरचं वजन जास्त आहे, हे मान्य. म्हणून शिक्षकाचं वजन शून्य होतं का? उलट, ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याच्या बाबतीत शिक्षकाच्या थोड्याशा वजनानेही पारडं हलतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शिक्षकाकडून विद्यार्थ्यापर्यंत नक्की पोचतं काय? माहिती म्हणाल तर ती शिळी होते. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं रसायनशास्त्र आज अर्धं बदललेलं असतं. मग उरतं काय? समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी अमेरिकेतल्या नोबेल विजेत्यांचा अभ्यास केला, तो 1977 साली ग्रंथरूपाने आला. 1972 पर्यंतच्या 92 विजेत्यांपैकी 48 जणांनी उमेदवारीच्या काळात आधीच्या एखाद्या नोबेल विजेत्याच्या हाताखाली काम केलं होतं. निवडीचा आक्षेप इथे जोरात लागू पडतो आणि झुकरमन यांनाही तो ठाऊक होता. म्हणून त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांच्याकडून शिकलात काय? उत्तरं जवळजवळ एकसारखी आली. ज्ञान असं फारसं नाही. ते तर बरोबरीच्या सोबत्यांना कित्येकदा गुरूपेक्षा जास्त होतं. शिकलो ते विचार करण्याची रीत, कुठला प्रश्न हाती घेण्याजोगा आहे याची पारख, आणि चांगलं काम कशाला म्हणायचं याचा दर्जा.

याचंच एक उदाहरण जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्जचं. तो 1926 ते 1930 अशी चार वर्षं ओटो वॉरबर्गच्या प्रयोगशाळेत होता. वॉरबर्ग कामाला वाघ आणि स्वभावाला हुकूमशहा. ऊतींचे पातळ काप घेऊन ते किती प्राणवायू ओढतात हे दाबमापकावर मोजायचं, हे तंत्र त्याने पक्कं केलेलं. क्रेब्जला त्या तंत्राने वेगळेच प्रश्न विचारायचे होते. शरीरात पदार्थ टप्प्याटप्प्याने कसे बनतात, हे. गुरूला त्यात रस नव्हता. क्रेब्ज बाहेर पडला आणि 1932 साली त्याच कापांवर, त्याच मोजमापाने, युरिया कसा तयार होतो याचं चक्र त्याने उलगडलं. पुढे 1937 मध्ये त्याच्या नावाने ओळखलं जाणारं दुसरं चक्र, आणि 1953 मध्ये नोबेल. हत्यार गुरूचं, काटेकोरपणा गुरूचा, प्रश्न मात्र स्वतःचा. तोच क्रेब्ज म्हातारपणी वॉरबर्गचा चरित्रकार झाला. या नात्यात भक्ती किती आणि बंड किती, हे वेगळं काढून दाखवता येईल का?

माझ्या गणिताच्या शिक्षकांची एक सवय होती. फळ्यावर कोणी उदाहरण सोडवत असलं, की ते चूक-बरोबर काहीच सांगत नसत. खडू हातात असलेल्या मुलाला ते एवढंच विचारत, 'ही ओळ कशावरून आली?' उत्तर बरोबर असलं तरी विचारत. मुलं वैतागत, कारण उत्तर बरोबर असताना कारण कशाला हवं? त्या वर्गातलं एकही प्रमेय आज मला सलग मांडता येणार नाही. पण कोणाचाही लेख वाचताना, स्वतःचा लिहिताना, दर परिच्छेदाला तोच प्रश्न आपोआप मनात उमटतो. हा प्रभाव नव्हे तर दुसरं काय म्हणायचं? त्यात मला त्यांची आठवण यावी लागत नाही. कित्येकदा येतही नाही.

खऱ्या प्रभावाची खूण म्हणून मी आणखी एक गोष्ट धरतो: एकाच शिक्षकाचे विद्यार्थी एकमेकांसारखे नसतात. नादिया बूलाँजे पॅरिसमध्ये तरुणपणापासून 1979 साली वयाच्या 92व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत संगीत शिकवत राहिल्या. अमेरिकी संगीताला स्वतःचा आवाज देणारा आरन कोपलंड त्यांचा शिष्य, जॅझ आणि लोकप्रिय संगीतात गाजलेला क्विन्सी जोन्स त्यांचा शिष्य, फिलिप ग्लासही त्यांचाच. 1954 साली अर्जेंटिनाहून आस्तोर पियाझोला त्यांच्याकडे आला तो सिंफनीच्या वह्या घेऊन. पुढे त्यानेच सांगितल्याप्रमाणे बाईंनी वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, लिहिलंय चांगलं, पण यात तू कुठेच नाहीस. तू वाजवतोस काय? टँगो वाजवतो हे सांगायची त्याला लाज वाटत होती. त्यांनी त्याला ते वाजवायला लावलं, आणि हेच तुझं, हे सोडू नकोस असं बजावलं. आपल्याकडे मैहरच्या अलाउद्दीन खाँसाहेबांचं उदाहरण आहे. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, अन्नपूर्णादेवींचा सूरबहार, पन्नालाल घोषांची बासरी; वाद्यं वेगळी, ढंग वेगळे, आणि रागाकडे बघण्याची शिस्त एकाच घरची. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत. लोक थक्क होत. प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकायला आले, आणि त्या शिकण्यातून जे बाहेर पडलं ते कोणाचीच नक्कल नव्हतं. देवधर स्वतः पलुसकरांचे शिष्य, पण एका घराण्याच्या कुंपणात न राहिलेले. ते 1990 पर्यंत जगले. नकलेने थक्क करणारा मुलगा नक्कल टाकून काय झाला, हे त्यांना डोळ्यांनी बघता आलं.

दीर्घ आयुष्याचा मुद्दा इथे येतो. लवकर गेलेल्या शिक्षकाची मूर्ती होते. तिच्याशी वाद घालता येत नाही. जो शिक्षक विद्यार्थी पन्नाशीचा होईपर्यंत जिवंत असतो, त्याच्याशी नातं बदलावंच लागतं. विद्यार्थी आता त्याच्याहून जास्त जाणत असतो, कधी त्याला चूक ठरवत असतो. हे पेलणं शिक्षकालाही सोपं नसतं. महर्षी कर्वे 104 वर्षं जगले. 1896 साली विधवांसाठी आश्रम काढणारे ते गणिताचे प्राध्यापक, आणि 1958 साली भारतरत्न स्वीकारणारेही तेच. एवढ्या काळात आश्रमात शिकायला आलेल्या पार्वतीबाई आठवल्यांसारख्या बायका संस्थेचा आधारस्तंभ झाल्या, निधी उभारायला अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. शिकायला आलेली विधवा पुढे संस्था चालवायला लागते, तेव्हा शिकवणारा कोण आणि शिकणारं कोण?

फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने नोबेल मिळाल्यावर 19 नोव्हेंबर 1957 रोजी आपल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना, लुई जेर्मँ यांना लिहिलेलं पत्र शिक्षकांच्या गौरवाच्या प्रत्येक प्रसंगी फिरतं. आईनंतर पहिला विचार तुमचा आला, असं त्यात आहे. पत्र सुंदर आहे, खरंही आहे. बाप महायुद्धात मेलेल्या त्या गरीब मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसू द्यावं म्हणून याच शिक्षकांनी त्याच्या आजीचं मन वळवलं होतं. पण जेर्मँ यांनी 30 एप्रिल 1959 रोजी काम्यूला लिहिलेलं पत्र कोणी फिरवत नाही, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. निवृत्त झालेला तो मास्तर तिथे आपल्या कामाचा हिशेब देतो. मुलातलं सर्वांत पवित्र असं जे आहे, म्हणजे स्वतःचं सत्य स्वतः शोधण्याचा त्याचा हक्क, त्याचा मान आपण नोकरीभर राखला, असं आपल्याला वाटतं, एवढाच त्याचा दावा आहे. 'मी घडवलं' असं त्यात कुठेही नाही. शिष्य जगप्रसिद्ध झाल्यावरही ज्याला हे लिहिता येतं, त्याने वर्गात काय केलं असेल याची कल्पना येते.

यावर सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो शंकेखोर फारसा मांडत नाहीत. प्रभाव टिकतो हे मान्य केलं, तर वाईट प्रभावही टिकतो. दीर्घायुषी शिक्षकाचे पूर्वग्रहही दीर्घायुषी ठरतात. त्याचं काय?

हा प्रश्न जुना आहे. अथेन्सने इ. स. पू. 399 मध्ये सत्तरीच्या सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला तेव्हा लोकांच्या मनात क्रिटियस आणि अल्किबायडिस होते: एक जुलमी राजवटीचा म्होरक्या, दुसरा शहराला बुडवून शत्रूला मिळालेला. दोघेही सॉक्रेटिसच्या भोवती वावरलेले. झेनोफोनने गुरूचा बचाव केला, की ते दोघे वादविवादाचं कसब मिळवायला आले आणि ते साधताच निघून गेले. बचाव मला अर्धाच पटतो. प्लेटोचं श्रेय सॉक्रेटिसला द्यायचं असेल तर क्रिटियसच्या खात्याकडे डोळेझाक करता येणार नाही. अथेन्समधलाच वक्तृत्वाचा शिक्षक आयसोक्रेटिस 98 वर्षं जगला, पन्नासहून अधिक वर्षं त्याने शाळा चालवली, आणि 82व्या वर्षी एका काल्पनिक खटल्यातला स्वतःचा बचाव लिहून काढला. त्यात त्याने पुरावा म्हणून आपले विद्यार्थीच उभे केले. यांच्याकडे बघा आणि माझा न्याय करा. निदान प्रश्न आपल्याला लागू आहे एवढं त्याने मानलं.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने मानलं नाही. त्याच्या वर्गातून हाना आरेंट, हान्स योनास, कार्ल लोविट, हर्बर्ट मार्कुझ निघाले. सगळे ज्यू वंशाचे. 1933 साली गुरू विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि नाझी पक्षात गेला. युद्धानंतर, 28 ऑगस्ट 1947 रोजी मार्कुझने त्याला पत्र लिहिलं: ज्या माणसाकडून मी तत्त्वज्ञान शिकलो त्याच्याकडून मला एक स्पष्ट शब्द हवा आहे. त्याच पत्रात तो सांगतो, मित्रांनी विरोध केला तरी मी तुम्हाला मदतीचं पार्सल पाठवतो आहे. या दोन वाक्यांमध्ये केवढं नातं दडलं आहे! जानेवारी 1948 मध्ये उत्तर आलं ते सारवासारवीचं. हायडेगर त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगला. तो शब्द आला नाही. प्रश्न टोकापर्यंत नेण्याची जी सवय त्याने लावली होती, तीच विद्यार्थ्यांनी त्याच्यावर चालवली. 1964 साली योनासने तर भर सभेत त्याच्या विचाराचीच झडती घेतली. हे विद्यार्थी कृतघ्न होते का? मला तर त्या गुरूने शिकवलेल्यातलं जे चांगलं होतं ते याच वागण्यात दिसतं.

म्हणून वाईट प्रभावाची उदाहरणं माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाहीत. प्रभाव भ्रम असता तर मार्कुझला पत्र लिहायचं कारणच नव्हतं. या उदाहरणांवरून एवढंच ठरतं, की प्रभाव असणं आणि प्रभाव चांगला असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सत्काराच्या भाषणात त्या एक होऊन जातात.

याच गोंधळातून 'सरांच्या छड्या खाल्ल्या म्हणून सरळ झालो' हा लाडका युक्तिवाद निघतो. छडी खाऊन सरळ झालेला बोलतो. छडी खाऊन शाळा सोडलेला कुठे बोलतो? या मुद्द्यावर मी शंकेखोरांच्या बाजूला निःसंकोच उभा आहे. कडक असणं आणि मारणं यांत गल्लत करू नये. मिस ए कडकच होत्या, कारण वर्गातलं एकही मूल न वाचता पुढे गेलेलं त्यांना चालत नव्हतं.

मग तपासायचं कसं? माझी सूचना साधी आहे. वयोवृद्ध शिक्षकांचा गौरव जरूर करा, पण माजी विद्यार्थ्यांना 'तुम्हाला सर कसे आठवतात' हे विचारणं थांबवा. त्याऐवजी विचारा: तुमच्या कामात तुम्ही कुठे थांबत नाही, आणि ते कोणी लावलं? सरांचं कुठलं म्हणणं तुम्ही आज नाकारता, आणि ते त्यांना सांगू शकलात का? आणि विचारायचं ते हजेरीपटावरच्या सगळ्यांना, फक्त हार घेऊन आलेल्यांना नव्हे. पेडरसन यांना मिस ए सापडल्या त्या शाळेच्या दप्तरात. गौरवसमारंभात शोधल्या असत्या तर त्या वर्गात नसलेले चौघेही भाषण करून गेले असते.

सगळ्यांना म्हणजे ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांनाही. टेक्सास विद्यापीठातले गणिती आर. एल. मूर 1882 साली जन्मले, 1974 साली वारले, आणि 86व्या वर्षापर्यंत शिकवत होते. वर्गात पुस्तक नाही, एकमेकांना विचारणं नाही, प्रत्येक प्रमेय स्वतः सिद्ध करायचं. ही त्यांची पद्धत त्यांच्या नावाने जगभर वापरली जाते. त्यांच्या हाताखाली 50 जणांनी डॉक्टरेट मिळवली, त्यांत मेरी एलन रुडिनसारख्या थोर गणिती होत्या. गुरूने वाचूच दिलं नाही म्हणून इतरांनी केलेलं काम आपल्याला नंतर कळलं, ही सल रुडिन यांनी मोकळेपणाने बोलून दाखवली, आणि मूर यांनी दिलेला आत्मविश्वासही कधी नाकारला नाही. ही 50 नावं घेऊन मूर यांच्यावर कितीही मोठा गौरवग्रंथ निघू शकतो. पण मूर काळ्या विद्यार्थ्यांना वर्गात घेत नसत. व्हिव्हियन मालोन-मेयेस त्याच विद्यापीठात गणिताच्या डॉक्टरेटसाठी शिकत होत्या, आणि तिथल्या सर्वांत नावाजलेल्या शिक्षकाचं दार त्यांना त्यांच्या रंगामुळे बंद होतं. 1966 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी त्या बेलर विद्यापीठात शिकवायला लागल्या. काही वर्षांपूर्वी याच विद्यापीठाने वंशभेदाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नाकारला होता. 1971 मध्ये तिथल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी वर्षातल्या उत्कृष्ट प्राध्यापक म्हणून त्यांची निवड केली. टेक्सासमधल्या इमारतीवरचं मूर यांचं नाव 2020 साली काढलं गेलं. त्यांची पद्धत मात्र वर्गावर्गांत चालू आहे. मूर यांच्या प्रभावाबद्दल त्या 50 जणांना जे विचारायचं ते मालोन-मेयेस यांनाही त्या हयात असताना विचारायला हवं होतं, आणि मूर यांनी ते ऐकायला हवं होतं. मालोन-मेयेस डॉक्टर झाल्यानंतर ते आठ वर्षं जिवंत होते.